परत फिरण्याची वाट : दारफळणी आणि क्षमापना

भाद्रपद शुद्ध पक्ष सुरू झाला की छत्रपती संभाजीनगरच्या राजाबाजार, गुलमंडी आणि जुना मोंढा या पेठांतील जैन कुटुंबांचा दिनक्रम बदलतो. उपवास, स्वाध्याय, प्रवचन आणि प्रतिक्रमण यांत दिवस जातो. श्वेतांबर परंपरेत संवत्सरीला आणि दिगंबर परंपरेत दशलक्षणानंतरच्या क्षमावाणीला एकमेकांची क्षमा मागितली जाते. याच सुमारास कोकणातील आणि मुंबई-पुण्यातील एक अगदी छोटा मराठीभाषक समाजही उपवास करून पापांचा आढावा घेत असतो. तो समाज म्हणजे बेने इस्रायल, महाराष्ट्रातील यहुदी. त्यांचे वर्षही चंद्राच्या गतीने चालते आणि अधिक महिन्याने सूर्याशी जुळवून घेते. त्यामुळे काही वर्षी दोन्ही पर्वे एकाच आठवड्यात येतात. २०२१ साली यहुदी प्रायश्चित्तदिन १६ सप्टेंबरला आला, तेव्हा दशलक्षण पर्व चालूच होते आणि १९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती.

तिथींचा हा मेळ योगायोगाचा म्हणता येईल, परंतु शब्दांचा मेळ विचार करायला लावतो. पश्चात्तापासाठी हिब्रू भाषेत ‘तेशुवा’ हा शब्द आहे. त्याचा मूळ अर्थ परत येणे, माघारी फिरणे असा होतो. ‘प्रतिक्रमण’ या शब्दाचा अर्थही तोच : जेथे जायला नको होते तेथून स्वस्थानी परतणे. एकमेकांपासून फार दूर वाढलेल्या या दोन परंपरांनी पापातून सुटण्याला चालण्याची, वाटेची उपमा दिली. वाट म्हटली की ती कोठे तरी, कोणाच्या तरी दाराशी जाते. ते दार कोणाचे, हा या दोन्ही पर्वांमागचा खरा प्रश्न आहे.

नवगावचा किनारा आणि शनिवारी बंद राहणारे घाणे

बेने इस्रायल समाजाची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी फुटले. बहुतेक प्रवासी बुडाले, केवळ सात जोडपी वाचली. धर्मग्रंथ समुद्रात गेले. वाचलेल्यांनी कोकणात आसरा घेतला, मराठी भाषा स्वीकारली आणि तेल गाळण्याचा धंदा धरला. आडनावेही गावांवरून पडली : दिवेकर, केहिमकर, पेणकर, रोहेकर. ग्रंथ हरवले तरी काही आचार हरवले नाहीत. मुलाची सुंता, खाण्यापिण्याचे निर्बंध, ‘शेमा’ ही ईश्वराच्या एकत्वाची प्रार्थना आणि शनिवारचा विश्राम त्यांनी टिकवला. शनिवारी त्यांचे घाणे फिरत नसत, म्हणून गावकरी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. आठवड्यातील एक दिवस धंदा बंद ठेवण्याची किंमत काय असते, हे व्यापारी वाचकांना निराळे सांगायला नको.

या समाजाचा इतिहास हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिला आणि तो १९३७ साली तेल अवीव येथे प्रसिद्ध झाला. पूर्वजांनी आपल्या सणांना दिलेल्या अस्सल मराठी नावांची नोंद त्यात सापडते. नववर्षाला ते ‘नव्याचा सण’ म्हणत. त्यानंतर दहाव्या तिथीला येणाऱ्या प्रायश्चित्तदिनाचे, म्हणजे ‘योम किप्पुर’चे, नाव होते ‘दारफळणीचा सण’, दार लावून घेण्याचा सण. त्या दिवशी घराची दारे बंद ठेवत, कडक उपवास करीत, पांढरी वस्त्रे नेसत आणि बाहेरच्या कोणाशी संपर्क ठेवत नसत. हिब्रू प्रार्थनांचे ग्रंथ जवळ नव्हते, तो दिवस का पाळायचा याचे शास्त्र विस्मृतीत गेले होते. तरीही वर्षातून एक दिवस दार लावून स्वतःपाशी बसायचे, एवढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सोडले नाही.

पुढे कोचीनच्या यहुद्यांशी संबंध वाढले, हिब्रूचे शिक्षण मिळू लागले आणि एकोणिसाव्या शतकात धार्मिक पुस्तके मराठीत छापली जाऊ लागली. तेव्हा या समाजाला कळले, की जगभरचे यहुदीही त्या दिवसाच्या अखेरीस ‘नेइला’ नावाची प्रार्थना करतात आणि त्या शब्दाचा अर्थ ‘दार मिटणे’ असाच आहे.

ईश्वर ज्याची माफी देत नाही

यहुदी धर्मात ईश्वर हा न्यायाधीश आहे आणि दयाळू पिताही आहे. नववर्षापासून प्रायश्चित्तदिनापर्यंतचे दहा दिवस हा परतण्याचा काळ मानला जातो. बाराव्या शतकातील थोर धर्मशास्त्रज्ञ मैमोनिडीझ यांनी या परतण्याच्या पायऱ्या नेमक्या सांगितल्या : पाप सोडणे, त्याची खंत वाटणे, ते शब्दांत उच्चारून कबूल करणे आणि पुन्हा न करण्याचा निश्चय करणे. त्यांची कसोटी मात्र पुढची आहे. तीच संधी, तेच प्रलोभन पुन्हा समोर यावे, हातात तेवढीच ताकद असावी आणि तरीही माणसाने तो मोह टाळावा, तेव्हा पश्चात्ताप पूर्ण झाला असे ते मानतात. म्हातारपणी शक्ती सरल्यावर पाप सुटले, तर तो पश्चात्ताप ते फेटाळत नाहीत, परंतु त्याला पूर्णही म्हणत नाहीत.

प्रायश्चित्तदिनाला कशाची माफी मिळते, याविषयी ‘मिश्ना’ या सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या धर्मसंहितेचा नियम स्पष्ट आहे. ईश्वराच्या आज्ञेविरुद्ध झालेल्या अपराधांना त्या दिवशी क्षमा आहे. माणसाने माणसाचा केलेला अपराध मात्र त्या माणसाची समजूत काढल्याशिवाय धुतला जात नाही. दुखावलेल्याच्या वतीने क्षमा करण्याचा अधिकार सर्वशक्तिमान मानलेल्या ईश्वराकडेही ठेवलेला नाही. म्हणून प्रायश्चित्तदिनाच्या आधी श्रद्धाळू यहुदी नातलगांच्या, शेजाऱ्यांच्या आणि व्यवहारातील माणसांच्या दाराशी जातो. समोरच्याने नाकारले तर पुन्हा जावे, तिसऱ्यांदा जावे, सोबत माणसे न्यावीत, असे शास्त्र सांगते. तीनदा मागूनही जो क्षमा करीत नाही, त्याच्याकडे मग दोष जातो. ज्याचा अपराध केला तो मरण पावला असेल, तर दहा माणसे घेऊन त्याच्या कबरीपाशी जावे आणि तेथे अपराध कबूल करावा. त्याचे देणे राहिले असेल, तर ते वारसांना पोचते करावे.

क्षमा करणाऱ्याच्या वाणीवरही बंधन आहे. जो परत फिरला त्याला त्याच्या जुन्या कृत्यांची आठवण करून देणे, हा मिश्नाने शब्दांनी केलेला छळ मानला आहे. चार माणसांत एखाद्याच्या जुन्या दिवाळखोरीचा किंवा जुन्या भांडणाचा विषय काढणारे प्रत्येक समाजात असतात. त्यांच्यासाठी हा नियम आहे.

तराजूचे पाप आणि विहिरीचे प्रायश्चित्त

मालमत्तेच्या अपराधात नुसती क्षमायाचना पुरत नाही. बुडवलेली रक्कम परत करावी लागते. फसवणूक करून वर खोटी शपथ घेतली असेल आणि मागाहून कबुली दिली असेल, तर मुद्दलाखेरीज पाचवा हिस्सा अधिक द्यावा, अशी बायबलमधील मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा आहे.

यहुदी शास्त्रकारांना सर्वांत अवघड वाटले ते खोट्या मापाचे पाप. एका माणसाला फसवले तर त्याला शोधून पैसे परत करता येतात. ज्याच्या तराजूत रोज थोडा खोट राहिला त्याने कोणाकडे जावे? गिऱ्हाईक कोण होते, कोठून आले, किती नुकसान झाले, हे कोणालाच ठाऊक नसते. ‘तालमूद’ या ग्रंथात असाच प्रश्न कर गोळा करणाऱ्यांविषयी आणि दुसऱ्यांच्या शेतात गुरे चारणाऱ्यांविषयी येतो. उत्तर असे, की जे माहीत आहेत त्यांना परत द्यावे आणि उरलेल्या देण्यातून सर्वांच्या उपयोगाचे काम करावे. विहिरी आणि पाण्याची टाकी बांधावीत. अज्ञात फसवलेल्यांपैकी एखादा कधी तरी त्या पाण्यापाशी येईल, असा त्यामागचा भाव आहे. हा नियम पुण्य विकत घेण्याची सवलत देत नाही. विहीर येथे दान म्हणून बांधलेली नसते. ती देण्याची परतफेड असते, आणि जे माहीत आहेत त्यांचे देणे विहीर बांधून फिटत नाही.

जैन श्रावकाला हे सर्व ओळखीचे वाटेल. आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्रात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले, त्यांत ‘हीनाधिकमानोन्मान’ म्हणजे देताना कमी आणि घेताना जास्त मापणे, आणि ‘प्रतिरूपकव्यवहार’ म्हणजे अस्सलात नकली मिसळणे, हे दोन्ही आहेत. ताडपत्रांच्या काळचे हे शब्द आजच्या बाजारालाही लागू पडतात. शेतकऱ्याच्या मालातून अकारण कापलेला कडता, नमुना म्हणून काढलेला पसाभर जादा माल, हमालाच्या मजुरीत केलेली काटछाट, छोट्या पुरवठादाराचे महिनोन्‌महिने अडवून ठेवलेले पैसे, यांपैकी कशालाही कायद्याच्या भाषेत चोरी म्हटले जाईलच असे नाही. आलोचनेच्या भाषेत मात्र त्यांना नाव आहे.

दोन्ही धर्मांतील फरकही तितकाच खरा आहे आणि तो झाकण्याचे कारण नाही. जैन दर्शनात पाप माफ करणारा कोणी कर्ता-ईश्वर नाही. बांधलेले कर्म स्वतःच भोगून किंवा तपाने झडवावे लागते. प्रायश्चित्त हे अंतरंग तपांत मोडते आणि तत्त्वार्थसूत्रात त्याचे नऊ भेद येतात. आलोचना आणि प्रतिक्रमण हे त्यांतील पहिले दोन. जैन क्षमापना चौऱ्याऐंशी लक्ष योनींतील सर्व जीवांपर्यंत पोचते. इतका विस्तार यहुदी प्रायश्चित्तदिनात नाही. या विस्तारातच एक पळवाटही दडलेली आहे. सर्व जीवांची क्षमा एकदम मागता येते, त्यामुळे एका विशिष्ट जीवाचे नाव घेण्याचे राहून जाते. यहुदी नियमाने ती वाट बंद केली आहे. त्याने क्षमेचा परीघ लहान ठेवला, पण त्या परिघातील प्रत्येक दार वाजवायला लावले.

संकटातून उघडलेले द्वार

परतण्याची ही ओढ सुखाच्या दिवसांत सहसा जागी होत नाही. प्रायश्चित्तदिनाच्या दुपारी सिनेगॉगमध्ये योना संदेष्ट्याची कथा वाचतात. ईश्वराची आज्ञा टाळून तो जहाजाने पळतो, वादळात सापडतो, माशाच्या पोटात जातो आणि त्या काळोखात प्रथमच मनापासून प्रार्थना करतो. पुढे निनवे नगरीचे लोक गोणपाट नेसून उपवास करतात आणि नगरी वाचते. यावर मिश्नाचे निरीक्षण मार्मिक आहे : ईश्वराने त्यांचे गोणपाट आणि उपवास पाहिले असे त्या कथेत म्हटलेले नाही, त्यांची कृती पाहिली असे म्हटले आहे. ज्या समाजाची स्वतःचीच कथा फुटलेल्या जहाजापासून सुरू होते, त्याला योना परका वाटला नसेल.

संकट आणि श्रद्धा यांचा संबंध या समाजाने आपल्या मराठमोळ्या पद्धतीनेही जपला. घरात आजारपण आले, कोणी दूरच्या प्रवासाला निघाले किंवा अडलेले काम पार पडले, की एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने ‘मलिदा’ करतात. ओल्या नारळात आणि साखरेत कालवलेले पोहे आणि त्यासोबत फळे ताटात मांडून प्रार्थना होते. एलियाहूने अलिबागजवळच्या खंडाळे येथे दर्शन दिले, अशी त्यांची श्रद्धा आहे आणि तेथील खडक ते पवित्र मानतात.

या समाजाचे मुंबईतील पहिले सिनेगॉगही संकटातून जन्मले. सॅम्युएल एझिकेल दिवेकर, ज्यांना मराठीत सामाजी हसाजी म्हणत, ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. इंग्रज आणि म्हैसूर यांच्यातील दुसऱ्या युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. समाजात सांगितली जाणारी कथा अशी, की कैदी बेने इस्रायल आहेत हे कळल्यावर टिपूच्या आईने रदबदली केली आणि त्यांचे प्राण वाचले. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले. ‘शाआर हारहामीम’, म्हणजे करुणेचे द्वार, या नावाने ते आज ओळखले जाते. लोक त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. त्यासाठी तोराची हस्तलिखित गुंडाळी मिळवण्याकरिता दिवेकर कोचीनला गेले आणि १७९७ साली तेथेच त्यांचे निधन झाले. कैदेत ज्याने बंद दार पाहिले, त्याने सुटल्यावर घर किंवा वाडा बांधला असता तरी कोणी दोष दिला नसता. त्याने करुणेचे दार बांधले.

समाजाने समाजाची मागायची क्षमा

परतण्याची जबाबदारी व्यक्तीपुरती संपत नाही, याचाही दाखला बेने इस्रायलांच्या अलीकडच्या इतिहासात आहे. १९४८ नंतर त्यांच्यापैकी बहुसंख्य लोक इस्रायलला गेले. तेथे त्यांना अनपेक्षित अपमान सोसावा लागला. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायल वधूवरांच्या पूर्वजांची विशेष चौकशी करण्याचा आदेश काढला. हे लोक निखालस यहुदी आहेत की नाहीत, अशी शंका त्यामागे होती. ज्यांनी ग्रंथांशिवाय शतकानुशतके शनिवार पाळला, त्यांच्याच कुळावर त्यांच्याच धर्मबांधवांनी संशय घेतला. समाज जेरुसलेममध्ये आंदोलनाला बसला. अखेर १९६४ साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतीत यहुदीच आहेत अशी भूमिका घेतली आणि आदेशातून त्यांचे नाव वगळण्यात आले. मोठ्या संस्थेलाही माघारी फिरावे लागते, आणि ती फिरते तेव्हा तिची प्रतिष्ठा कमी होत नाही.

महाराष्ट्रात मात्र या समाजाला धर्मावरून छळ सोसावा लागला नाही, हे ते कृतज्ञतेने सांगतात. २०१४ साली जैन समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. दोन वर्षांनी, २०१६ मध्ये, महाराष्ट्र शासनाने यहुद्यांनाही तो दिला.

वेरूळचे दोन भाऊ आणि आणखी दोन भाऊ

छत्रपती संभाजीनगरच्या जैन कुटुंबांना या विषयाचा दृष्टान्त शोधायला कोकणापर्यंतही जावे लागत नाही. वेरूळच्या ३० ते ३४ क्रमांकांच्या जैन गुंफांत एक मांडणी पुनःपुन्हा दिसते : एका बाजूला उपसर्ग सोसणारे पार्श्वनाथ आणि त्यांच्यासमोर वेलींनी वेढलेले बाहुबली. या दोन्ही शिल्पांच्या मागे भावाभावांची कथा आहे, हे दर्शन घेताना सहसा ध्यानात येत नाही.

पार्श्वनाथांवर उपसर्ग करणारा जीव पूर्वभवात कमठ होता आणि पार्श्वनाथांचा जीव होता त्याचा धाकटा भाऊ मरुभूती. अपराध कमठाचा होता, हद्दपारीची शिक्षा त्यालाच झाली होती. तरीही मरुभूती त्याच्याकडे क्षमा मागायला गेला आणि वाकला असताना कमठाने त्याच्या डोक्यात शिळा घातली. ते वैर भवामागून भव चालले. क्षमा नाकारण्याचे मोल नाकारणाराच भोगतो, हा तीनदा मागण्याच्या यहुदी नियमाचा आशय या कथेत दगडाएवढा कठोर होऊन येतो.

समोरचे बाहुबली वर्षभर कायोत्सर्गात उभे राहिले, तरी केवलज्ञान अडले होते. नवव्या शतकातील आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणाप्रमाणे, आपल्यामुळे भरताला क्लेश झाला ही बोच त्यांच्या मनात उरली होती. भरताने येऊन पूजा केली तेव्हा ती निघाली. श्वेतांबर परंपरेत धाकट्या भावांना वंदन करावे लागेल हा मान आड येतो आणि ब्राह्मी व सुंदरी या बहिणींच्या बोलाने तो गळतो. कथा दोन आहेत, पण आशय एकच : एवढ्या घोर तपालाही भावाशी राहिलेला हिशोब चुकवता आला नाही.

व्यापारी कुटुंबांत वाटणीचे वाद नवे नाहीत. दुकानाचे नाव कोणाचे, गोदामाचा ताबा कोणाकडे, आईचे दागिने कोठे गेले, यांवरून एकाच वाड्यातल्या चुली वेगळ्या होतात आणि पुढे तारखांवर तारखा पडत राहतात. अशा घरांतूनही संवत्सरीला शेकडो लोकांना ‘मिच्छामि दुक्कडम्’चे सुबक संदेश जातात. दूरच्या व्यापाऱ्यापासून जुन्या सोबत्यापर्यंत सर्वांची नावे यादीत असतात. सख्ख्या भावाचे नाव मात्र नसते. त्याच्याकडे जाणे म्हणजे दाव्यात हार मानणे, अशी भीती असते. वस्तुतः क्षमा मागितल्याने हक्क बुडत नाही. वाटणी न्यायाने व्हावी, लवादाने व्हावी, कागदावर व्हावी. तीसोबत जे कडू बोलले गेले, मुलांना काकांच्या घरी जाण्यास जी बंदी झाली, वडिलांच्या आजारपणात जो अबोला धरला गेला, त्याची क्षमा कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. ती एकाच माणसाकडे असते आणि त्याचे दार कोणते, हे ठाऊक असते.

दारफळणीच्या दुसऱ्या दिवसाला कोकणातील बेने इस्रायल ‘शिळा सण’ म्हणत. आदल्या दिवशी लावलेली दारे उघडत. गरिबांना दान देत आणि आप्तांच्या भेटीला जात. उपवासाने जे साधले ते खरे की नाही, हे त्या दिवशी कळे. क्षमावाणीनंतरची सकाळही तशीच असते. दुकानाचे दार उघडते, काटा मांडला जातो, चोपडी पुढे येते, आणि कालचे परतणे आजच्या पहिल्या व्यवहारात तपासले जाते.